बाळंतिणीच्या खोलीत कॅमेरा कशाला?

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या, की गावोगावच्या बागा सकाळ-संध्याकाळ फुलून जातात. पोरं घसरगुंडीवर, आज्या बाकावर, पुरुषमंडळी राजकारणात आणि आपण बायका चालण्याच्या फेऱ्या मोजण्यात. बागेत तळं असेल तर मग विचारायलाच नको, सगळ्यांचे पाय तिकडेच वळतात. गेल्या काही वर्षांत या चित्रात एक नवीन गोष्ट आली आहे. फेऱ्या मारता मारता एखादी मध्येच थांबते, पदर खोचते, मोबाइल पुढे धरते आणि पाण्यातल्या पक्ष्याचा फोटो काढते. कुणाकुणाकडे आता खरा कॅमेराही आला आहे. कुणाला मुलानं पहिल्या पगारातून घेऊन दिलेला, तर कुणी भिशीच्या पैशांतून हौसेनं घेतलेला. धाराशिवचा हातलाई तलाव असो, नळदुर्गच्या किल्ल्यातलं बोरी नदीचं पाणी असो, की शेजारच्या सोलापुरातले सिद्धेश्वर आणि कंबर तलाव, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच दिसतं.

मला हे फार आवडतं, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल, ही बाई फोटो काढण्याच्याच विरोधात आहे. तसं अजिबात नाही, मैत्रिणींनो! घर, शाळा, दवाखाना, बाजार या चौकटीत फिरणारी बाई सकाळी सहाला तळ्याकाठी उभी राहून एखाद्या पक्ष्याकडे दहा मिनिटं टक लावून बघते, ही गोष्ट साधी नाही. तेवढा वेळ तिला कुणी 'माझा डबा कुठाय' असं विचारत नाही!

आणि हे पक्षी तरी किती आपल्या घरातले! एका बदकाचं मराठी नावच मुळी हळदी-कुंकू बदक. काळ्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन बाजूंना लालभडक ठिपके. नाव ठेवणारी नक्कीच कुणीतरी बाई असणार, असं मला नेहमी वाटतं. दुसरा पक्षी वारकरी. सगळं अंग काळं, कपाळ आणि चोच तेवढी पांढरीशुभ्र, गंध लावल्यासारखी. टिबुकली तर एवढीशी, इथे बुडी मारते आणि भलतीकडेच वर निघते. शेकाट्याचे गुलाबी, काटकुळे पाय बघितले की हा वाऱ्यानं मोडणार तर नाही ना, असं वाटतं. पाणकावळा ओली छत्री वाळत घालावी तसे पंख पसरून बसतो. ही नावं पुस्तकात आली ती लोकांच्या तोंडून. सोलापुरात १९३२ साली जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करता करता रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावं, सवयी, समजुती गोळा करत राहिले. त्यातून त्यांचा 'पक्षिकोश' उभा राहिला. २००६ साली सोलापूरला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ च्या जूनमध्ये ते सोलापुरातच गेले. त्यांच्या जन्मदिवसापासून, म्हणजे ५ नोव्हेंबरपासून, डॉ. सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, १२ नोव्हेंबरपर्यंत, आपल्या राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह साजरा होतो. शाळांमध्ये चित्रकला स्पर्धा होतात, भाषणं होतात. छानच आहे. पण पक्ष्यांना माणसाच्या शहाणपणाची खरी गरज लागते ती नोव्हेंबरात नाही, मे महिन्यात.

का, ते सांगते.

हिवाळ्यात तळ्यावर पाहुणे असतात. कुठून कुठून, हिमालयापलीकडून आलेली बदकं, चिखलातले छोटे पक्षी, धोबी. मार्च सरता सरता ते आपापल्या देशाला परततात. मागे उरतात ती घरची माणसं. टिटवी, शेकाट्या, टिबुकली, हळदी-कुंकू, बगळे, खंड्या. पाहुण्याला एका घरी त्रास झाला तर तो दुसऱ्या तळ्यावर जाऊन उतरेल. घरच्यांनी जायचं कुठे? आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये पाझर तलाव भेगाळतात, ओढे केव्हाच कोरडे पडतात, शेतातल्या विहिरी तळ दाखवतात. गावाबाहेर पाणी उरत नाही आणि गावातल्या तळ्यात मात्र कुठून ना कुठून, कधी नळाचं तर कधी नालीचं, थोडंफार पाणी येत राहतं. मग दहा ठिकाणचे पक्षी त्या एका ठिकाणी गोळा होतात. पाणी आत सरकलेलं असतं, काठाचा चिखल उघडा पडलेला असतो, त्या चिखलात किडे असतात, शंख-शिंपल्या असतात. ते खायला पक्षी अगदी काठाशी, आपल्या फिरण्याच्या रस्त्याशी येतात.

उन्हाळ्यात फोटो चांगले येतात ते यामुळे. आपल्याला वाटतं, हे आता आपल्याला सरावले, घाबरत नाहीत. खरं तर ते नाइलाजानं आलेले असतात. पाणी तिथंच आहे, दुसरीकडे नाही.

पाण्यासाठी नाइलाजानं उभं राहणं म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या बाईला कुणी समजावून सांगायला नको. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षांत टँकरपुढे घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांचे किती फोटो छापून आले! चांगलेच होते ते फोटो, त्यातून दुष्काळ मुंबई-पुण्याला कळला. पण समजा, तो फोटो काढणारा रोज आला असता, तुमची घागर भरत आली की नेमका तेव्हाच पुढे आला असता आणि तुम्हाला रांगेतून बाजूला व्हावं लागलं असतं, तर? चौथ्या दिवशी आपण त्याला काय म्हटलं असतं, ते इथे छापता येणार नाही. तळ्याच्या काठावर पाणी प्यायला उतरलेल्या पक्ष्याच्या बाबतीत आपण अगदी हेच करतो. तो उतरतो, आपण दोन पावलं पुढे जातो, तो उडतो. पुन्हा उतरतो, आपण पुन्हा दोन पावलं पुढे. ऊन चढत जातं.

तरी ही झाली पाण्याची गोष्ट. पाणी तो थोड्या वेळानं पिऊ शकतो. खरा घात होतो तो घरट्यापाशी.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका शहरातल्या बागेत हे मी बघितलं. शहराचं नाव, बागेचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथे पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टिटवी अंडी घालेल आणि पत्ता छापला की आणखी दहा जण पोचतील. तर, तळ्याकाठी रस्त्याच्या कामाची खडी पसरलेली होती आणि त्या खडीत टिटवीनं अंडी घातली होती. चार अंडी, मातकट रंगाची, काळ्या डागांची. खडीत अशी मिसळून गेलेली, की पाय पडेपर्यंत दिसू नयेत. टिटवीचं घरटं म्हणजे एवढंच असतं. काड्या नाहीत, झाड नाही, उघडी जमीन. कुणीतरी भल्या माणसानं कुणाचा पाय पडू नये म्हणून भोवती पांढऱ्या दगडांचं कडं करून ठेवलं होतं. हेतू चांगला, पण त्या कड्यामुळे घरट्याचा पत्ता साऱ्या बागेला कळला! दोघं जण मोठ्या लेन्सा घेऊन पालथे पडलेले, तीन-चार मोबाइलवाले, शिवाय सुट्टीची पोरं. टिटवीची जोडी डोक्यावर घिरट्या घालत जीव तोडून ओरडत होती आणि एक जण त्याचंही चित्रण करत होता. 'बघा, कशी चिडलीये!' असं हसत सांगत होता. मी घड्याळ बघितलं तेव्हा सव्वानऊ झाले होते. मी आणि माझ्याबरोबरच्या दोघींनी बोलून बोलून सगळ्यांना मागे घेतलं, तेव्हा दहाला पाच कमी होते. चाळीस मिनिटं ती अंडी मे महिन्याच्या उन्हात उघडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे दगडांचं कडं तेवढं होतं, अंडी नव्हती. कुत्र्यानं नेली की कावळ्यानं, कोण जाणे. माणसं जिथे जमतात तिथे काहीतरी खायला असणार, हे दोघांनाही चांगलं कळतं.

आता यातली एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींनी घरी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवलेली आहे. तिला उठवायचं नाही, पोरांना टोपलीपाशी फिरकू द्यायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, सासूकडून-आईकडून बघून येतं. कोंबडीच्या अंड्याला साधारण साडेसदतीस अंशांची ऊब लागते. ती कमी झाली तर पिल्लू वाढत नाही, आणि चार-पाच अंशांनी जास्त होऊन तशीच राहिली तर पिल्लू आतल्या आत मरतं. आपल्याकडे मे महिन्यात हवाच चाळीस-बेचाळीस अंशांवर जाते. उघड्या जमिनीवर, खडीवर त्याहून कितीतरी जास्त तापतं, अनवाणी उभं राहून बघा! म्हणजे या दिवसांत टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला बसते. आणि नुसती सावली पुरत नाही म्हणून ती काय करते माहीत आहे? पाण्यावर जाते, पोटाची पिसं चांगली भिजवते आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसते. आपण माठाला ओलं फडकं गुंडाळतो ना, अगदी तसंच. नर आणि मादी आळीपाळीनं हे करतात, जवळजवळ चार आठवडे. म्हणून तिला घरटं पाण्याजवळ लागतं आणि म्हणून ती बागेतल्या तळ्याशी येते.

या बिचारीला आपल्याकडे अशुभ मानतात. रात्री टिटवी ओरडली की काहीतरी वाईट होणार म्हणे. आता रात्री तिच्या घरट्याशी कुत्रं-मांजर आल्यावर तिनं ओरडायचं नाही तर काय भजन म्हणायचं? पंचतंत्रातली टिटवीची गोष्ट लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकली आहे. समुद्रानं तिची अंडी गिळली, तर एवढ्याशा पाखरानं समुद्राशी वैर धरलं आणि शेवटी प्रत्यक्ष विष्णूला मध्ये पडावं लागलं. ती गोष्ट आपण पोरांना सांगतो आणि त्याच पोरांना घेऊन तिच्या अंड्यांभोवती गोळा होतो.

'आम्ही हात कुठे लावला? लांबून फोटो काढला,' हे उत्तर हमखास मिळतं. हात लावायची गरजच नाही. आई अंड्यावरून उठली, की काम झालं. कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीची जी व्याख्या केली आहे, तिच्यात पक्षी मारणं, पकडणं तर आहेच, पण वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं हेही आहे. शिकार! हा शब्द ऐकून त्या लेन्सवाल्यांपैकी एक जण जरा चपापला होता. पण कायद्याची भीती घालून किती जणांना थांबवणार? बागेत रखवालदार एक, तोही कारंज्याच्या मोटरपाशी.

मला वाटतं, आपल्या बायकांकडे कायद्याहून जुनी आणि सोपी गोष्ट आहे. बाळंतिणीच्या खोलीचा रिवाज. आल्यागेल्याला आपण तिथे घुसू देतो का? हातपाय धुतल्याशिवाय, विचारल्याशिवाय कुणी आत जात नाही. खोलीत मोठ्यानं बोलायचं नाही, दार सारखं उघडायचं नाही. सव्वा महिना तिला जपायचं. कितीतरी घरांत बारशाच्या आधी बाळाचा फोटोसुद्धा काढू देत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. दृष्टीवर माझा विश्वास नाही, पण ज्या कुणी हा नियम घातला तिला हे ठाऊक होतं, की बाळ-बाळंतिणीला बघायला येणाऱ्यांचीच गर्दी सगळ्यात जास्त बाधते. आता हाच रिवाज तळ्याच्या काठावर नेला तर? मार्चपासून पाऊस पडेपर्यंत तो काठ म्हणजे बाळंतिणीची खोली आहे. तिथे कॅमेरा कशाला?

हे माझ्या एकटीच्या डोक्यातलं खूळ नाही. आसाममध्ये हरगिला नावाचा करकोच्याच्या कुळातला एक भलामोठा पक्षी आहे. टकला, ओबडधोबड, घाण खाणारा, म्हणून लोक त्याचा तिरस्कार करायचे, तो ज्या झाडांवर घरटी करतो ती झाडंच तोडून टाकायचे. डॉ. पूर्णिमा देवी बर्मन या अभ्यासक बाई गावातल्या बायकांमध्ये गेल्या आणि त्यांना पटवलं. तिथल्या बायका आता हरगिलाच्या विणीच्या हंगामात त्याचं डोहाळेजेवण करतात! मागावर विणलेल्या कापडात त्याची नक्षी काढतात. 'हरगिला आर्मी' म्हणून त्या ओळखल्या जातात. २०२२ साली पूर्णिमाताईंना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा पुरस्कार मिळाला. गावातल्या साध्या, शेती-विणकाम करणाऱ्या बायकांनी हे केलं, कारण पोटुशी बाई आणि घरट्यातली आई या दोघींची गोष्ट त्यांना एकच वाटली.

आपल्याकडेही या भावनेची ओळख नाही असं नाही. आपल्या जिल्ह्यात येडशीजवळ रामलिंगाचं देऊळ आहे, भोवतीच्या घाटाला अभयारण्य म्हणून राखलेलं आहे. रावणाशी लढून जखमी झालेला जटायू इथे पडला आणि रामानं बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, असं तिथले लोक सांगतात. जटायूची समाधीही दाखवतात. श्रावणात आपण तिथे रांगा लावतो. तहानलेल्या पाखराला पाणी पाजलं म्हणून ज्या जागेला आपण हात जोडतो, त्या जिल्ह्यातल्या तळ्यावर पाखराला पाण्यापासून हाकलणं शोभतं का?

'पण मग मुलांना दाखवायचं कसं? त्यांना गोडी कशी लागणार?' हा प्रश्न एका शिक्षिका मैत्रिणीनं विचारला आणि तो रास्त आहे. तिला मी म्हटलं, अगं, अंड्यात दाखवण्यासारखं आहे तरी काय? गोटे दिसतात नुसते! थोडं थांबलं तर खरी गंमत पुढे आहे. टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच तुरुतुरु चालायला लागतात, आणि आईनं इशारा दिला की जिथल्या तिथे दबून बसतात. टिबुकली पिल्लांना पाठीवर घेऊन पोहते. पिसांतून एकेक एवढंसं डोकं बाहेर डोकावत असतं. पावसाळ्यात तळ्यात कमळं, शिंगाडे असतील तर कमळपक्षी बघा. मादी अंडी घालते आणि मोकळी होते. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. हा पक्षी तर नवऱ्याला मुद्दाम नेऊन दाखवा! यातलं सगळं काठावरच्या बाकावरून, कुणालाही न उठवता दिसतं आणि फोटोही निघतो.

फोटो काढण्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे घाई, आणि घाई करून करून फोटोही वाईटच येतो. उडून जाणाऱ्या पक्ष्याची पाठ आणि शेपूट. त्यापेक्षा उजाडताना जावं, एक जागा धरावी आणि बसून राहावं. उभ्या माणसाला पक्षी जितका बिचकतो तितका बसलेल्याला बिचकत नाही. रोज त्याच जागी, त्याच वेळेला, त्याच चालीनं गेलात तर आठवडाभरात तो तुम्हाला ओळखीचं समजायला लागतो. आता मला सांगा, रोज एकाच वेळेला एकच काम न कंटाळता करायची सवय कुणाला आहे? पुण्या-मुंबईहून मोठी लेन्स घेऊन एका रविवारी येणाऱ्याला, की आपल्याला? म्हणून मला वाटतं की या छंदात गावातली बाई कुणाच्या मागे राहण्याचं कारण नाही. रतिका रामसामी हे नाव आज वन्यजीव छायाचित्रणात देशभर माहीत आहे. २००० नंतरच्या पहिल्या दशकात, या क्षेत्रात बायका बोटावर मोजण्याइतक्या होत्या तेव्हा त्या त्यात उतरल्या, आणि पक्ष्यांचे फोटो हीच त्यांची मोठी ओळख झाली. आपल्याला काही रतिका व्हायचं नाही. पण 'बाईमाणूस एकटं कॅमेरा घेऊन तळ्यावर काय करतंय' असं बघणाऱ्यांना सवय होईपर्यंत दोघी-तिघींनी मिळून जायला काय हरकत आहे?

साडेआठ वाजले, ऊन चटका द्यायला लागलं, की मात्र कॅमेरा पिशवीत टाकावा. आपल्याला भाजतं म्हणून नव्हे. त्या वेळेपासून संध्याकाळी पाचपर्यंत अंड्यांवरून आई उठता कामा नये म्हणून. टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली, तर तो आपल्याला दिलेला निरोप आहे, 'तू माझ्या घराजवळ आलीस.' आल्या पावली मागे फिरावं. अंडी शोधू नयेत. आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावण्याचा जो नवा प्रकार सुरू झाला आहे, तो तर विणीच्या दिवसांत फारच वाईट. दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला असं समजून तो घरटं सोडून भांडायला येतो, आणि इथे असतो आपला मोबाइल! फरसाण, पाव, मुरमुरे पाण्यात टाकून पक्षी जवळ आणणं, हेही तसंच. पाणी आधीच थोडं, त्यात ते सडतं.

आणि समजा चुकून घरटं दिसलंच, तर ते आपल्यापाशी ठेवावं. स्टेटसला टाकू नये. हे सगळ्यात अवघड आहे, मला कल्पना आहे. आपल्या फोटोला शंभर अंगठे मिळाले की कुणालाही बरं वाटतं, आपल्या बायकांना तर जास्तच, कारण घरात स्वयंपाकाला एक अंगठा मिळताना मारामार! पण घरट्याच्या फोटोला जितके अंगठे जास्त, तितकी दुसऱ्या दिवशी काठावर गर्दी जास्त. कितीतरी छायाचित्र स्पर्धांनी घरट्याचे फोटो घ्यायचंच बंद केलं आहे. वर्तमानपत्रं मात्र अजून 'वात्सल्य', 'माया', 'आईची सावली' असले मथळे देऊन चोचीत चोच घातलेल्या पिल्लांचे फोटो हौसेनं छापतात. (हे वाक्य संपादकांनी कापू नये, ही विनंती.) आपण असे फोटो आवडून घेणं थांबवलं, तर काढणारे हळूहळू थांबतील.

फोटोंचा दुसरा एक उपयोग मात्र आपण करायला हवा आणि तो फारसा कुणी करत नाही. तारीख घालून ते जपून ठेवावेत. साधी शाळेची वही पुरते, आजची तारीख, किती वाजता, कोणता पक्षी, किती दिसले. मोबाइल चांगला चालवता येत असेल तर 'ई-बर्ड' म्हणून जी जगभरची नोंदवही आहे, तिच्यात भरावं, ते फुकट आहे. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस देशभर लोक आपापल्या परसातले, तळ्यावरचे पक्षी मोजतात, त्यातही भाग घेता येतो. कुणी म्हणेल, या वह्यांचं करायचं काय? सांगते.

तळ्यांचं सुशोभीकरण आता गावोगावी चालू आहे. निधी येतो, तो मार्चअखेर खर्च करायचा असतो, आणि पाणी कमी असतं म्हणून कामही नेमकं उन्हाळ्यात निघतं. गाळ काढणं आपल्याकडे गरजेचंच आहे, त्याला कुणी नको म्हणणार नाही. पण त्याबरोबर चारी बाजूंनी दगडी नाहीतर सिमेंटचा उभा काठ बांधला जातो, गवत-झुडपं 'साफ' होतात, कारंजं बसतं, रंगीत दिवे लागतात. काठ उभा झाला की चिखल गेला, चिखल गेला की शेकाट्या गेला, टिटवी गेली. मग त्या चकचकीत तळ्यावर फोटो कशाचा काढणार, कारंज्याचा? अशा वेळी नगरपालिकेत जाऊन नुसतं 'पक्षी येतात हो' म्हटलं तर कुणी ऐकत नाही. वही आणि फोटो पुढे ठेवले, या कोपऱ्यात एप्रिलमध्ये इतके शेकाटे, मेमध्ये टिटवीच्या दोन जोड्या, तर निदान ऐकून तरी घेतात. एका बाईचं नाही ऐकलं तर महिला मंडळाचं, बचत गटाचं ऐकावं लागतं. हळदी-कुंकवाला पन्नास बायका जमतात, त्यांच्या सह्यांचा एक कागद करायला किती वेळ लागतो?

मागणी फार मोठी नाही. तीन बाजू बांधा, पण एका बाजूचा काठ उतरता आणि मातीचाच राहू द्या. तिथे दिवा लावू नका. मार्च ते जून तेवढ्या काठापासून वीस-पंचवीस पावलांवर बांबू रोवून एक दोरी ओढा आणि 'पुढे अंडी आहेत' असं नव्हे, तर 'पुढे जाऊ नये' एवढीच पाटी लावा, म्हणजे पत्ता फुटत नाही. दोरीला आणि बांबूला काही हजार रुपयेसुद्धा लागत नाहीत. पहिले दोन चांगले पाऊस झाले, पिल्लं पायाखालून निघून गेली, की रखवालदारानं दोरी गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवून द्यावी.